होळीनंतर नळाचं पाणी बिघडतं: बेळगाव भागासाठी तपासणीचा क्रम

होळी झाली की बेळगावच्या कडेच्या वसाहतींत, खानापूर-निपाणीच्या गावांत आणि चिक्कोडी-अथणीकडच्या काळ्या रानात एकच तक्रार सुरू होते: पाणी बदललं. मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस पडले की ती थांबते, नाहीतर तिचं रूप पालटतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मधल्या काळात कुणी टाकी धुतं, कुणी फिल्टर घेतं, कुणी बोअर आणखी शंभर फूट खाली नेतं. ठरावीक महिन्यांतच येणारा बिघाड बहुतेक वेळा घरच्या टाकीचा नसतो, तो सार्वजनिक उपशाशी जोडलेला असतो. म्हणून खर्च करण्याआधी दोन गोष्टी ठरवा: नळाला आलेलं पाणी कुठलं आहे, आणि ते उपशाच्या कुठल्या वेळचं आहे.

आधी लक्षणं

नुसतं "पाणी खराब आहे" म्हणून काही ठरत नाही. खालीलपैकी नेमकं काय होतंय ते बघा.

नळ सुटल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी गढूळ, पिवळट किंवा गटाराच्या वासाचं, मग साफ. हा दोष बहुधा पाईपलाईनचा. पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या काळात लाईन रिकामी राहते आणि रिकाम्या लाईनीत सैल सांध्यांतून बाहेरचं पाणी शिरतं.

भरताना नितळ, पण घागरीत तास-दोन तास ठेवल्यावर तांबूस, आणि तळाला गंजासारखा साका. चहा काळपट होतो, भाताला पिवळी झाक येते, पांढरे कपडे डागाळतात. हे लोह. जमिनीखाली हवा नसते तेव्हा ते पाण्यात विरघळलेलं असतं, वर येऊन हवा लागली की गंज होऊन खाली बसतं.

दुधासारखं पांढरं पाणी. काचेचा ग्लास भरून उजेडात धरा. तळापासून वर साफ होत गेलं तर ती हवा आहे. वरून खाली साफ होत गेलं तर बारीक गाळ. हवेचं पाणी पिण्याला घातक नसतं, पण ते बोअरचं असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. पाण्याची पातळी पंपापर्यंत उतरली की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. काही आठवड्यांत गाळही येऊ लागतो.

भांड्यांवर पांढरा थर, साबणाला फेस नाही, तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही कचकच. हा कठीणपणा. चव मचूळ किंवा खारट लागत असेल तर एकूण क्षार वाढलेत.

कुजक्या अंड्याचा वास. फक्त गिझरच्या पाण्याला येत असेल तर दोष बहुधा गिझरमधल्या अॅनोड रॉडचा (टाकीला गंज लागू नये म्हणून बसवलेल्या दांडीचा) असतो. थंड पाण्यालाही येत असेल तर बोअरमध्ये पाणी साचून राहतंय आणि तिथे जिवाणू वाढलेत.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे कुठलंच लक्षण नसणं. नायट्रेट आणि फ्लोराइड यांना रंग, वास, चव काही नसतं. गल्लीत एकाच आठवड्यात चार घरी जुलाब झाले, किंवा लहानपणापासून एकाच बोअरचं पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसू लागले, तर पाणी काचेसारखं असलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका.

बिनपैशाची तपासणी: आज कुठलं पाणी आलं?

बेळगाव शहराला मुख्यतः राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचं पाणी येतं. राकसकोप मार्कंडेय नदीवर, हिडकल घटप्रभेवर. हे पावसाचं साठलेलं, मऊ पाणी. उन्हाळ्यात पातळी उतरली, मुख्य वाहिनी फुटली किंवा पंपिंग बंद पडलं की कमतरता भागवायला सार्वजनिक विहिरी आणि बोअर चालवावे लागतात. शहरात जुन्या विहिरी पुष्कळ आहेत. १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीची काँग्रेस विहीर सगळ्यांना माहीत आहे. गावांत बहुग्राम योजनेचं नदीचं पाणी आणि ग्रामपंचायतीच्या बोअरचं पाणी पुष्कळदा एकाच टाकीत पडतं. नळ तोच, पाणी मात्र दर खेपेला वेगळं.

म्हणून वहीचं एक पान आखा: तारीख, पाणी आलेली वेळ, किती वेळ टिकलं, पाणी कुठलं, काय दिसलं. "पाणी कुठलं" याचं उत्तर गल्लीचा वॉल्व्हमन किंवा पंचायतीचा वॉटरमन देतो. त्याला "पाणी घाण का?" असं विचारू नका. "आज बोअर चालू होती का, किती तास?" असं विचारा, म्हणजे सरळ उत्तर मिळतं. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींत बिघाड आणि बोअरचे दिवस जुळले तर घरच्या टाकीवर खर्च करण्यात अर्थ नाही. जुळले नाहीत तर पुढची तपासणी करा.

पुढे कुठल्याही कचेरीत जायची वेळ आली तर हेच पान सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. तारखा नसलेली तक्रार पुढे सरकत नाही.

तीन बाटल्या

पाणी सुटलेलं असताना तीन स्वच्छ पारदर्शक बाटल्या भरा: एक रस्त्याकडून येणाऱ्या लाईनीच्या पहिल्या तोटीची, दुसरी संपाची, म्हणजे जमिनीतल्या टाकीची, तिसरी स्वयंपाकघरातल्या नळाची. पांढऱ्या कागदासमोर ओळीने ठेवा. भरल्या भरल्या एकदा बघा, दोन तासांनी पुन्हा बघा.

पहिलीच खराब असेल तर दोष बाहेरचा. पहिली बरी आणि दुसरी खराब असेल तर संपात काहीतरी शिरतंय. फक्त तिसरी खराब असेल तर वरची टाकी किंवा घरातले जुने लोखंडी पाईप. एवढ्याने निम्म्या घरांचा निकाल लागतो.

संपावर संशय असेल तर रात्रभराची खूण-परीक्षा करा. संप अर्धा भरा, आत येणारा वॉल्व्ह बंद करा, मोटर लावू नका, पाण्याच्या रेषेवर खडूने खूण करा. सकाळी पाणी खाली गेलं असेल तर संप गळतोय. वर चढलं असेल तर बाहेरचं पाणी आत येतंय. त्या दिवसापासून ते पाणी पिण्यासाठी बंद. शेजारी ड्रेनेजचा चेंबर किंवा शोषखड्डा असेल तर हेच व्हायची भीती असते, पावसाळ्यात तर जास्तच. संपाचं तोंड अंगणाच्या पातळीपासून निदान सहा इंच उंच हवं आणि झाकण घट्ट बसणारं हवं.

टाकी घासून झाल्यावर निर्जंतुक करायची तर १,००० लिटर पाण्याला साधारण २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, जिच्यात २५ टक्के क्लोरीन असेल अशी. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं नितळ पाणीच टाकीत ओता. रात्रभर ठेवून सकाळी सगळं काढून टाका. हे धुण्याचं प्रमाण आहे. पिण्याच्या पाण्याचं खूप कमी असतं, ते पुढे दिलंय. उघड्या पोत्यातली, सादळलेली पावडर घेऊ नका. तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि उरतो तो चुना. फरशी धुण्याचं अॅसिड तिच्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

टीडीएस मीटर

काही शे रुपयांचं हे पेन एकूण विरघळलेले क्षार मोजतं, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे ५०० पर्यंत चांगलं. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. पण या कामात आकड्यापेक्षा त्यातला बदल जास्त बोलका असतो.

जलाशयाचं पाणी बहुधा दोनशेच्या आत असतं, बोअरचं त्याच्या कितीतरी पट. समजा तुमच्या भागात नुसतं जलाशयाचं पाणी आलं तेव्हा मीटरने १०० दाखवलं आणि पंचायतीच्या बोअरच्या तोटीला ७०० भरलं. आज नळाला ४०० आलं तर ढोबळमानाने निम्मं पाणी बोअरचं आहे. हे दर खेपेला वहीत लिहा. डाळ न शिजण्याचे दिवस आणि चढलेल्या आकड्यांचे दिवस एकच निघतात.

मीटर काय सांगत नाही हेही लक्षात ठेवा. त्यात जंतू दिसत नाहीत. नायट्रेट, फ्लोराइड वेगळे कळत नाहीत. १२० टीडीएसच्या पाण्यातही मैला असू शकतो. फिल्टर विकणारे घरी येऊन मीटर दाखवतात आणि पाणी "अशुद्ध" ठरवतात, तेव्हा हे आठवा.

क्लोरीन आणि काळी पडणारी बाटली

नळाच्या टोकाला मोकळा क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. पंचायतीकडे क्लोरोस्कोप (पाण्यातला क्लोरीन मोजायचं साधन) असतो; जलजीवन मिशनमधून आलेल्या तपासणी संचातही ही चाचणी आहे आणि गावातल्या काही महिलांना ती करायला शिकवलेलं असतं. वापरात नसेल तर मागून घ्या. टाकीजवळ क्लोरीन भरपूर आणि तुमच्या नळाला शून्य असेल तर वाटेत काहीतरी तो खातंय: मैला, नाहीतर लोह. बोअरचं लोहयुक्त पाणी मिसळलं की नेहमीचा डोस पुरत नाही. उपसा वाढतो त्या दिवसांत पाणी नुसतं जडच होत नाही, ते जंतूंपासून कमी सुरक्षितही होतं, ते यामुळे.

जंतूंची पहिली चाळणी म्हणजे एच-टू-एसची छोटी बाटली. खुणेपर्यंत पाणी भरा, उबदार जागी ठेवा. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर मैल्याचा संशय धरा आणि पाणी उकळूनच प्या. एक अपवाद आहे: ज्या बोअरच्या पाण्याला आधीच कुजक्या अंड्याचा वास आहे तिथे ही बाटली वापरू नका, ती नुसत्या त्या वासाच्या वायूनेही काळी पडते.

उघड्या विहिरीत ब्लीचिंग टाकायचं असेल तर आधी पाणी मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, सगळं मीटरमध्ये. उत्तर लिटरमध्ये येतं. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. चांगली पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे इथे साधारण ७० ग्रॅम. वरच्यासारखंच कालवून नितळ पाणी घ्या, बादली पाण्याखाली हलवत सोडा, तासभर थांबा आणि क्लोरीन तपासा. ०.५ च्या खाली असेल तर थोडं वाढवा. रात्री टाकून सकाळी उपसा केला तर उत्तम.

बोअरचं तोंड

ही तपासणी लोक हमखास विसरतात. सार्वजनिक असो वा घरची, बोअरचं केसिंग (तोंडाशी बसवलेला बाहेरचा पाईप) जमिनीच्या वर निदान दीड फूट हवं, त्याला टोपी हवी, भोवती मीटरभर सिमेंटचा चौथरा हवा आणि चौथऱ्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. केसिंगच्या कडेला बादलीभर स्वच्छ पाणी ओता. ते पसरून हळूहळू मुरलं तर ठीक. भोवरा होऊन गडगड आवाजाने आत गेलं तर केसिंग आणि माती यांच्यामध्ये पोकळी आहे. तिथून गल्लीतलं पाणी, गोठ्याचं पाणी थेट बोअरमध्ये उतरतं, आणि पंप चालू असताना आतली पातळी खाली गेलेली असल्यामुळे ते आणखी जोरात ओढलं जातं. पोकळी चिकणमाती आणि सिमेंटने भरून चौथरा करायला फार खर्च येत नाही. पहिल्या पावसात गढूळ होणाऱ्या कित्येक बोअर एवढ्याने सुधारतात.

उपसा आणि पातळी

आता मुख्य मुद्द्याकडे. पंप चालू झाला की बोअरभोवतीची पाण्याची पातळी नरसाळ्यासारखी खचते. बोअरपाशी सगळ्यात खोल, दूर जावं तशी कमी. पाणी सगळ्या बाजूंनी त्या खड्ड्याकडे वाहू लागतं. त्या टापूत गळकं ड्रेनेज, शोषखड्डे, उघडं गटार असेल तर एरवी दुसरीकडे जाणारं त्यांचं पाणीही इकडे वळतं. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या बाजूला बळ्ळारी नाल्याकाठी ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी हे खास लक्षात घ्यावं.

आपल्याकडची जमीन यात भर घालते. बेळगाव-खानापूरकडचा जांभा भोकाभोकांचा. त्यातून पाणी झपाट्याने मुरतं, वाटेत गाळलं जात नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर हवा असं साधारण सांगतात. जांभ्यात तेवढं अंतर मला पुरेसं वाटत नाही, जागा असेल तर दुप्पट ठेवा. निपाणी, चिक्कोडी, अथणीकडे काळा पत्थर. त्यात पाणी फटींतूनच चालतं, त्यामुळे पन्नास फुटांवरची विहीर जशीच्या तशी आणि हजार फुटांवरची आटलेली, असंही होतं. नुसत्या अंतरावरून अंदाज बांधू नका, मोजा.

मोजायची रीत सोपी आहे. दोरीला वजन बांधा, मीटरवर गाठी मारा. आपली मोटर पूर्ण बंद ठेवून पहाटे पातळी घ्या. मग सार्वजनिक बोअर थ्री फेजवर चालू झाल्यानंतर दोन तासांनी, आणि ती बंद झाल्यानंतर दोन तासांनी पुन्हा घ्या. निदान तीन दिवस हे करा, त्यात बोअर न चालणारा एक दिवस असला तर फारच चांगलं. पंप चालू असताना पातळी उतरते आणि बंद झाल्यावर सावरते, असं दर दिवशी दिसलं तर दोन्ही जागा आतून जोडलेल्या आहेत.

याच वेळी बोअरच्या पाण्याचे दोन नमुने घ्या: पंप सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी आणि तासाभराने. सुरुवातीचं खराब आणि नंतरचं साफ असेल तर दोष बोअरच्या आतला: गंजलेला कॉलम पाईप (पंपाचं पाणी वर आणणारा), साचलेलं पाणी, केसिंगची गळती. सुरुवातीचं बरं आणि तासाभराने टीडीएस चढत गेला, तर पंप लांबचं किंवा खोलचं पाणी ओढतोय. खोलचं पाणी दगडात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, त्यामुळे त्यात क्षार जास्त आणि कुठे कुठे फ्लोराइडही जास्त.

इथेच सगळ्यात महागडी चूक होते. पाणी कमी पडतंय म्हणून पंप खाली उतरवतात किंवा जास्त एचपीचा बसवतात. त्याने खड्डा आणखी खोल होतो आणि नेमकं नको ते पाणी जास्त येतं. त्याऐवजी उपसा वाटून घ्या: सलग सहा तासांऐवजी पहाटे दोन, दुपारी दोन, रात्री दोन, मध्ये पातळी सावरू द्या. पंचायतीच्या बोअरवर हा बदल ठरावाने करता येतो, त्याला एक रुपया लागत नाही. दोन सार्वजनिक बोअर जवळजवळ असतील तर दोन्ही एकाच वेळी चालवू नका.

आणि नवी खासगी बोअर मारण्याआधी एक कायदा माहीत असू द्या. कर्नाटकाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांसंबंधीच्या १९९९ च्या भूजल कायद्याप्रमाणे सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही.

प्रयोगशाळा

इथवर आल्यावरच प्रयोगशाळेचे पैसे खर्च करा, कारण काय विचारायचं हे आता तुम्हाला माहीत आहे. रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन, त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरलेला. जंतूंसाठी बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक घ्या. तोटी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नमुना बिघाडाच्या दिवसांत घ्या. श्रावणात घेतलेला नमुना चैत्रातल्या तक्रारीबद्दल काही सांगत नाही.

मानकाप्रमाणे नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, त्यात सूट नाही. फ्लोराइड १ पर्यंत चांगलं, १.५ च्या वर नाही. कठीणपणा २०० पर्यंत चांगला, पर्याय नसेल तर ६०० पर्यंत. क्लोराइड २५०, आणि पर्याय नसेल तर १,०००. सामू (पीएच) ६.५ ते ८.५. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (मैल्यातला जिवाणू) एकही नको.

आकडे सुटे वाचू नका. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही एकदम वाढले असतील तर आधी मैल्याचा संशय धरा, लघवीत मीठ असतंच. उसाच्या रानात नुसतं नायट्रेट वाढलं असेल तर युरियाकडे बघा. कठीणपणा उतरला आणि फ्लोराइड चढलं तर खोलचं पाणी येऊ लागलंय, कारण पाण्यातलं कॅल्शियम कमी झालं की फ्लोराइड विरघळून राहतं. जांभ्याच्या पट्ट्यात लोह आणि उतरलेला सामू आधी बघा.

उपाय दोषाप्रमाणे

उकळल्याने जंतू मरतात, बाकी फारसं काही जात नाही. नायट्रेट आणि फ्लोराइड तर पाणी आटल्याने थोडं वाढतंच. गाळासाठी तुरटी: घागरीत खडा पाच-सात वेळा फिरवा, चार तास निवळू द्या, वरचं पाणी ओतून घ्या. लोहासाठी पाणी उंचावरून ओतून हवा द्या, रात्रभर ठेवा आणि वाळूच्या थरातून गाळा. यूव्हीचा दिवा पाणी नितळ असेल तरच काम करतो. सॉफ्टनरने भांडी चकचकीत राहतात, पण नायट्रेट-फ्लोराइडला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी आरओ लागतो. तोही फक्त पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी, कारण लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं आणि तेही बहुधा त्याच खचलेल्या भूजलातून आलेलं असतं. जलाशयाच्या मऊ पाण्याला आरओची गरज नाही.

वास आणि बुळबुळीत तांबडा साका असलेल्या बोअरला जोरदार क्लोरिनेशन करता येतं. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरमागे सुमारे २१ लिटर पाणी असतं. ६० मीटर पाणी असेल तर जवळपास १,३०० लिटर, त्याला २५ टक्क्यांची सुमारे २५० ग्रॅम पावडर. नितळ द्रावण ओता, पंपाचं पाणी होजने पुन्हा बोअरमध्येच सोडत राहा, होजला क्लोरीनचा वास आला की बंद करा. रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत पाणी बाहेर सोडा, झाडांना नको. सार्वजनिक बोअर असेल तर हे पंचायतीला सांगून, नळ बंद ठेवून, दवंडी देऊनच. काही महिन्यांत दोष परत आला तर पुन्हा पुन्हा पावडर ओतत बसू नका. केसिंग गळतंय किंवा घाण आत येतच आहे.

दूरचा पण खरा उपाय म्हणजे पुनर्भरण. १०० चौरस मीटर छतावर १,२०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती धरूनही लाखभर लिटरच्या जवळ पाणी मिळतं. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, नंतरचं खडी-वाळूच्या गाळणीतून उघड्या विहिरीत घ्या. रस्त्याचं किंवा अंगणाचं पाणी पिण्याच्या बोअरमध्ये थेट कधीही सोडू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

विहिरीत किंवा बंद संपात स्वतः उतरू नका, गडी माणसालाही उतरवू नका. आत प्राणवायू नसतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. पेटती मेणबत्ती सोडून बघणं पुरेसं नाही. हे काम हवा मारण्याचं यंत्र, कमरेचा पट्टा आणि वर माणसं असलेल्या पथकाचंच.

सबमर्सिबलच्या पाण्याला किंवा पाईपला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तोटीला हात लावू नका.

ई-कोलाय सापडला, किंवा दोन-तीन घरांत एकदम जुलाब-कावीळ झाली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) यांना लेखी कळवा. शहरात वॉर्डातल्या पाणीपुरवठा अभियंत्याला. पाण्याची लाईन ड्रेनेजमधून जात असल्याचा संशय आला तर रस्ता स्वतः खणू नका. सांधा कुठे आहे हे नकाशाशिवाय कळत नाही, आणि कुदळीने ड्रेनेज फुटलं तर अख्ख्या गल्लीचं पाणी बिघडतं.

नायट्रेट ४५ च्या वर असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या पाण्यात कालवलेलं दूध देऊ नका. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसली तर तडक दवाखाना. फ्लोराइड दीडच्या वर असेल तर ते पाणी पिण्यातून आणि स्वयंपाकातून काढा, धुण्याभांड्याला चालेल. पंचायतीकडे दुसऱ्या स्रोताची लेखी मागणी करा आणि सोबत प्रयोगशाळेचा अहवाल जोडा.

पातळीच्या नोंदींवरून सार्वजनिक बोअर आणि तुमची विहीर जोडलेली दिसत असेल, आणि उपसा वाटूनही टीडीएस किंवा नायट्रेट उतरत नसेल, तर पुढचं काम भूजलतज्ज्ञाचं. बोअरमध्ये कॅमेरा सोडून कुठल्या फटीतून कुठलं पाणी येतंय ते बघता येतं, आणि खराब फट केसिंगने बंद करता येते की बोअर सोडून द्यावी लागते ते त्यावरून ठरतं. त्याला वहीची पानं, दोन्ही वेळचे टीडीएस आकडे, पातळीच्या नोंदी आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकत्र द्या.